विज्ञानपटांतील पौराणिक आदिबंध

पुराणकथांत पुन्हा पुन्हा येणारी पात्रे, प्रसंग आणि चिन्हे विज्ञानपटांत यंत्र, अवकाशयान किंवा परग्रहवासी यांचे रूप घेऊन येतात, तेव्हा त्यांना पौराणिक आदिबंध म्हणतात. या संज्ञेमागील कल्पना कार्ल युंग या स्विस मानसशास्त्रज्ञाची आहे. चित्रपटांवर मात्र पुराणकथांचे अमेरिकी अभ्यासक जोसेफ कॅम्बेल यांनी १९४९ मध्ये मांडलेल्या नायकाच्या प्रवासाच्या साच्याचा प्रभाव अधिक पडला. ‘स्टार वॉर्स’चे (१९७७) दिग्दर्शक जॉर्ज लुकास यांनी त्याचे ऋण मान्य केले आहे. तरीही घर सोडणे, गुरू भेटणे, संकट पार करून परतणे हा साचा इतका सैल आहे की कोणतीही कथा त्यात कशीबशी बसवता येते.

भारतीय विज्ञानपटांना भस्मासुराची कथा अधिक नेमकी लागू पडते. वर देणाऱ्याच्याच मस्तकावर हात ठेवायला निघालेला, आणि काही कथांनुसार पार्वतीची अभिलाषा धरणारा हा असुर, ‘एंथिरन’ (२०१०) या तमिळ चित्रपटात यंत्रमानव होऊन येतो व आपल्या निर्मात्याच्या प्रेयसीवर हक्क सांगतो. वराच्या जागी येथे तंत्रज्ञान आहे. देवाने दिलेला वर परत घेता येत नाही आणि सुटलेले यंत्र सहज आवरता येत नाही, ही दोहोंतील खरी समानता होय. कालप्रवासाचा आदिबंधही जुनाच आहे. मुलगी रेवती हिच्यासाठी योग्य नवरा कोण हे विचारायला ब्रह्मलोकी गेलेल्या ककुद्मी राजाला तेथील क्षणभराच्या थांब्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे उलटल्याचे कळते. ‘इंटरस्टेलर’मध्ये (२०१४) जलमय ग्रहावरचा एक तास पृथ्वीवरील सात वर्षांइतका भरतो, तो मात्र गुरुत्वाकर्षणामुळे.

चिन्हाचा अर्थ पाहणाऱ्याच्या गावावरही अवलंबून असतो, हे ग्रामीण विदर्भात स्पष्ट दिसते. ‘रा.वन’ने (२०११) रावणाचे नाव व दहा तोंडे निखळ दुष्टतेची खूण म्हणून वापरली. पण अकोला जिल्ह्यातील सांगोळा गावात दशमुखी रावणाची मूर्ती पुजली जाते आणि मेळघाटातील कोरकू आदिवासी होळीच्या सुमारास रावणपुत्र मेघनाथाची पूजा करतात. अशा ठिकाणी दहा तोंडे पडद्यावर आली म्हणजे खलनायक आला, एवढेच समीकरण पुरत नाही. पटकथाकारांनी येथे सोपी वाट धरली, असे म्हणावे लागते.

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार येथे पुराण आणि विज्ञान एकाच जागेबद्दल बोलतात. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर बेसाल्ट खडकावर अशनी आदळून झाले. स्थानिक आख्यायिका सांगते की, येथे भूगर्भातील गुहेत लवणासुर राहत असे. विष्णूने दैत्यसूदन रूपात येऊन गुहेचे झाकण उडवले व त्याचा वध केला. गावातील दैत्यसूदन मंदिर याच कथेशी जोडलेले आहे. विज्ञानाच्या मते संकट आकाशातून आले, तर कथेच्या मते ते जमिनीखाली दडलेले होते. खाली निजलेल्या संहारकाचा हाच आदिबंध जपानी ‘गोजिरा’त (गॉडझिला, १९५४) दिसतो. तेथे मात्र झाकण उघडणारा देव नसून हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्या करणारा माणूस आहे, आणि तो दैत्याला मारत नाही, तर नकळत जागे करतो.