पिंजऱ्याबाहेर दिसलेला शार्क

पाण्याखाली शार्कचं चित्रीकरण सुरू झालं ते झुंज दाखवण्यासाठी. १९१४ साली जॉन अर्नेस्ट विल्यमसनने बहामा बेटांजवळच्या नितळ समुद्रात आत माणूस बसेल असा पोलादी गोल सोडला. वर बोटीपर्यंत धातूची लवचिक नळी होती. ती त्याच्या वडिलांनी बुडालेल्या जहाजांवर काम करता यावं म्हणून बनवलेली. कॅमेरा जाड काचेमागे कोरडा राही. शार्क जमावेत म्हणून मेलेला घोडा पाण्यात सोडला, मग विल्यमसन स्वतः सुरा घेऊन उतरला आणि कॅमेऱ्यासमोर शार्क मारला.

१९३९ साली व्हिएन्नाचा तरुण हान्स हास क्युरासाव आणि बोनेअरच्या समुद्रात श्वास रोखून, कॅमेरा हातात धरूनच बुड्या मारू लागला. त्याला भेटलेले शार्क बहुतेक सावध होते. जवळ आलेला शार्क पाण्यात ओरडल्यावर वळून गेला. मला इथे खरी सुरुवात दिसते, कारण आता पाहणारा शार्कच्याच पाण्यात होता.

पण नजर एकदम बदलली नाही. झाक-ईव्ह कूस्तोच्या १९५६ च्या माहितीपटाला कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला. त्यात जहाजाच्या पंख्याने जखमी झालेलं व्हेलचं पिल्लू शार्क खातात, आणि खलाशी चिडून शार्कना वर ओढून कुऱ्हाडीने तोडतात. ते दृश्य आज बघवत नाही.

मोठं वळण आलं अमेरिकन माहितीपटकार पीटर गिंबेलच्या मोहिमेत. डर्बनपासून दूर, मारलेल्या व्हेलभोवती शार्कची झुंबड उडाली होती. गिंबेल, स्टॅन वॉटरमन आणि ऑस्ट्रेलियाचे रॉन व व्हॅलेरी टेलर पिंजऱ्याचं दार उघडून त्या झुंबडीत गेले. शार्क त्यांना धक्के देऊन चाचपत राहिले, पण चावले नाहीत. ग्रेट व्हाइट हा मोठा शिकारी शार्क मात्र दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या डेंजरस रीफजवळ भेटला, आणि तिथे पिंजऱ्यातूनच चित्रीकरण झालं. या मोहिमेवरचा माहितीपट १९७१ मध्ये आला.

चारच वर्षांनी ‘जॉज’ या चित्रपटाने शार्कची भीती जगभर पसरवली. त्यातल्या खऱ्या शार्कची दृश्यं टेलर दांपत्यानेच टिपली होती; शार्क अवाढव्य वाटावा म्हणून छोट्या पिंजऱ्यात बुटका माणूस उतरवला होता. पुढे त्या दोघांनी शार्क वाचवण्यासाठी नेटाने काम केलं. १९८४ मध्ये न्यू साउथ वेल्सने ग्रे नर्स शार्कला संरक्षण दिलं.

भारतात माहितीपटकार माइक पांडे यांनी गुजरातच्या किनाऱ्यावर होणारी व्हेल शार्कची कत्तल चित्रित केली. २००१ मध्ये व्हेल शार्कचा समावेश वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या यादीत झाला.