कपाळावरची टिचकी आणि अर्धशिशी

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत नवखा माणूस शिरला की तारा जुळवण्याचा आवाज त्याच्या कानावर सारखा पडत राहतो. तिथल्या रहिवाशाला विचारा, तो म्हणेल, "कसला आवाज?" अर्धशिशी असलेल्यांच्या मेंदूला असं अंगवळणी पाडून घेणं जमत नसावं, ही शंका तपासायला संशोधकांच्या हाती जी परीक्षा आली ती मुळात साध्या टिचकीची.

मिरजेत वॉन्लेस या मिशनरी डॉक्टरांचं मिशन हॉस्पिटल १८९४ साली उभं राहिलं. त्यानंतर दोनच वर्षांनी इंग्लंडमध्ये वॉकर ओव्हरेंड या डॉक्टरांनी नोंदवलं की कपाळावर टिचकी मारली की पापणी आपोआप मिटते. घरी करून पाहता येतं. हात दिसू नये म्हणून मागून मारायची. सांगलीच्या माझ्या आत्याची अर्धशिशी जुनी. डोकं उठलं की सुंठीचा लेप, वर घट्ट आवळलेलं फडकं आणि अंधारी खोली. एकदा ती बरी असताना मी टिचक्या मारल्या. पाचवीनंतर पापण्या थांबल्या, सहावीला मला टपली बसली. म्हणजे नुसत्या टिचकीने काही कळत नाही.

स्वीडनच्या एरिक कुगेलबर्ग यांनी १९५२ मध्ये पापणीच्या स्नायूतली वीज नोंदवली, तेव्हा एका मिटण्यामागे दोन प्रतिसाद निघाले. पहिला साधारण १० मिलिसेकंदांत, टिचकीच्या बाजूलाच. दुसरा ३०च्या आसपास, दोन्ही डोळ्यांत. या दुसऱ्याची वाट मेंदूच्या देठात खालपर्यंत उतरते, आणि चेहऱ्याच्या व मेंदूवरच्या आवरणांच्या वेदना जिथे पोचतात त्याच भागातून जाते.

तेव्हा मात्र याकडे डोकेदुखीच्या नजरेने फारसं कुणी पाहत नव्हतं. अमेरिकन डॉक्टर हॅरॉल्ड वुल्फ यांच्या १९३८च्या कामापासून अर्धशिशीचा दोष रक्तवाहिन्यांच्या फुगण्याला दिला जाई (आत्याच्या फडक्याशी हे छान जुळतं). १९७९ मध्ये मायकेल मॉस्कोविट्झ यांनी त्या वाहिन्यांना वेढणाऱ्या ट्रायजेमिनल नसेकडे (चेहऱ्याची संवेदना मेंदूपर्यंत नेणाऱ्या मज्जातंतूकडे) बोट दाखवलं. कपाळाची संवेदनाही हीच नस वाहून नेते, त्यामुळे पापणीची जुनी परीक्षा पुन्हा कामाची ठरली.

अडचण एवढीच की टिचकी स्पर्शाचे तंतू जागे करते, वेदनेचे नाही. २००० साली जर्मनीत होल्गर काउबे आणि सहकाऱ्यांनी बारीक वर्तुळाकार इलेक्ट्रोड वापरून सौम्य विजेने मुख्यतः वेदनेचे तंतू चाळवायची युक्ती काढली. २००२ मध्ये त्यांना दिसलं की अर्धशिशीचा झटका चालू असताना दुखऱ्या बाजूचा दुसरा प्रतिसाद लवकर येतो आणि मोठा असतो. २००३ मध्ये त्याच गटाच्या झाझा कात्सारावा आणि सहकाऱ्यांनी झटका नसतानाच्या दिवसांत तपासलं: तोच चटका पुन्हापुन्हा दिला तर निरोगी माणसाचा प्रतिसाद उतरत जातो, अर्धशिशीवाल्यांचा तेवढा उतरत नाही.

सगळ्या प्रयोगशाळांना हा फरक सारखा सापडलेला नाही. शिवाय निदान आजही रुग्णाच्या सांगण्यावरूनच होतं: किती तास दुखलं, एकाच बाजूला का, उजेड सोसतो का, मळमळतं का. या प्रश्नांना आत्याकडे पापणीपेक्षा सविस्तर उत्तरं आहेत.