पहिली छत्रीउडी

पहिली छत्रीउडी : उडत्या विमानातून हवाई छत्री बांधून मारलेली आयुष्यातली पहिली उडी, तिच्याआधीचे जमिनीवरचे शिक्षण आणि तिच्यापासून परवान्यापर्यंत जाणारा मार्ग. मराठीत आकाशउडी, छत्रीउडी, मुक्तपतन असे पर्याय छापील मजकुरात आढळतात. बोलताना सर्रास ‘स्कायडायव्हिंग’च म्हणतात. काटेकोर अर्थाने मुक्तपतन म्हणजे विमान सोडल्यापासून छत्री उघडेपर्यंतचाच भाग. सोलापूरकडे ‘पॅराशूट’ हा शब्द खोबरेल तेलाच्या बाटलीमुळे घरोघर माहीत आहे, आणि त्याच एका शब्दात पॅरासेलिंग, पॅराग्लायडिंग व छत्रीउडी ही तिन्ही कोंबली जातात. पॅरासेलिंगमध्ये नौका किंवा जीप दोराने ओढते. पॅराग्लायडिंगमध्ये छत्री डोंगरउतारावरच फुलवून मग पाय उचलतात. छत्रीउडीत छत्री पाठीवर बंद असते आणि माणूस विमानाबाहेर पडल्यावरच ती उघडते.

आरंभाचा प्रश्न : लुई-सेबास्तियँ लनॉर्मां यांनी १७८३ मध्ये माँपेलिए येथे छत्रीचे प्रात्यक्षिक केले व ‘पॅराशूट’ हा शब्दही बहुधा त्यांचाच. उंचावरून उतरण्याचा खरा आरंभ मात्र २२ ऑक्टोबर १७९७ रोजी पॅरिसमध्ये आंद्रे-जाक गार्नरँ यांनी बलूनमधून केलेल्या अवतरणापासून धरतात. भारतात इंग्रज बलूनपटू पर्सिव्हल स्पेन्सर यांच्याकडे शिकलेले कलकत्त्याचे कसरतपटू रामचंद्र चटर्जी हे १८९० च्या सुमारास बलूनमधून छत्रीने उतरले. ते पहिले भारतीय मानले जातात. या सर्व उड्या तिकीट लावून दाखवायच्या खेळांत मोडतात. विमानातून हाताने छत्री उघडण्याचा पहिला मान जॉर्जिया ‘टायनी’ ब्रॉडविक (१९१४) यांना द्यावा की लेस्ली अर्विन (२८ एप्रिल १९१९, डेटन, ओहायो) यांना, याबाबत मतभेद आहेत. ब्रॉडविक यांची उडी प्रात्यक्षिकाच्या ओघात घडली. अर्विन यांची आधी ठरवून, मुक्तपतनासाठी बनवलेल्या छत्रीने झालेली चाचणी होती, म्हणून दुसऱ्या मताला अधिक आधार दिसतो. उतरताना अर्विन यांचा घोटा मोडला. नवख्यांना आजही जास्त जपावे लागते ते घोट्यालाच.

या नोंदीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे : सैनिक किंवा कसरतपटू नसलेला माणूस उडी केव्हापासून मारू लागला? काही अभ्यासक १९३० च्या दशकातील सोव्हिएत हवाई मंडळांकडे बोट दाखवतात. मॉस्कोच्या गॉर्की उद्यानात तर लोकांसाठी छत्रीचा मनोराच होता. काही जण फ्रान्समधील बिस्कारोस येथील १९४९ च्या सुमाराचे केंद्र आद्य मानतात. तिसरा दावा १९५९ मध्ये जाक-आंद्रे इस्टेल यांनी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या ऑरेंज गावी काढलेल्या व्यावसायिक केंद्राचा. सोव्हिएत मंडळांचा हेतू युद्धतयारीचा होता, तर फ्रेंच केंद्राचा भर खेळाडू घडवण्यावर. आलेल्या कोणालाही काही तासांच्या शिकवणीनंतर त्याच दिवशी उडवून आणण्याची पद्धत ऑरेंजला बसवली गेली. आजची ‘पहिली उडी’ त्या वाणाची आहे.

प्रवेशाचे मार्ग : सध्या तीन मार्ग आहेत : टँडेम (प्रशिक्षकाला बांधून जोडीने मारलेली उडी), स्टॅटिक लाइन आणि प्रवेगी मुक्तपतन (एएफएफ). बहुसंख्य लोक टँडेमने येतात आणि तिथेच थांबतात.

टँडेमची साधने अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात टेड स्ट्राँग आणि बिल बूथ यांनी जवळजवळ एकाच काळात तयार केली. श्रेय कोणाला, हा वाद उडी मारणाऱ्यांच्या वर्तुळात अजून मिटलेला नाही. प्रवाशाचा हार्नेस (अंगावर बांधायच्या पट्ट्यांचा साज) प्रशिक्षकाच्या हार्नेसला चार ठिकाणी अडकवतात : दोन कड्या खांद्यांशी, दोन कमरेच्या बाजूंना. दोन्ही छत्र्या, मुख्य व राखीव, प्रशिक्षकाच्याच पाठीवर असतात. दोघांचे एकत्रित वजन नुसते पडू दिले तर वेग ताशी २८० किलोमीटरच्या पुढे जाईल आणि त्या वेगात छत्री उघडल्यास कापड व माणसे दोन्हींना झटका सोसणार नाही. म्हणून बाहेर पडल्यावर काही सेकंदांत ड्रोग नावाची लहान छत्री मागे सोडतात. ती वेग ताशी २०० किलोमीटरच्या आसपास बांधून ठेवते. पहिल्या १० सेकंदांत सुमारे १,००० फूट आणि नंतर दर हजार फुटांना साडेपाच ते सहा सेकंद, या हिशोबाने १३,००० फुटांवरून निघून ५,००० फुटांवर छत्री उघडली तर मुक्तपतन सुमारे ५० सेकंदांचे होते. १०,००० फुटांवरून तेच अर्ध्या मिनिटापेक्षा थोडे अधिक भरते. जाहिरातीतला ‘एक मिनिट’ बहुधा सढळ हाताने मोजलेला असतो.

प्रवाशाकडून तीनच गोष्टी हव्या असतात. दारात डोके मागे, कंबर पुढे, पाय विमानाच्या पोटाखाली वळवलेले, म्हणजे शरीराची कमान. खांद्यावर थाप पडेपर्यंत हात छातीवरच्या पट्ट्यांना धरलेले. उतरताना गुडघे वर, पाय समोर पसरलेले. तिसरी गोष्टच सर्वाधिक चुकते. जमीन जवळ येताना पाय खाली टेकवण्याची ओढ उपजत असते. प्रवाशाचे पाय आधी टेकले की मागून दोघांचा भार त्याच्या घोट्यावर येतो. म्हणून छत्री उघडल्यावर वरच पाय उचलण्याचा सराव करून घेतात, आणि जो तिथे पाय उचलू शकत नाही त्याच्याबाबत प्रशिक्षक आधीच सावध होतो. उपाशीपोटी येणे ही दुसरी नेहमीची चूक. मळमळ रिकाम्या पोटी कमी न होता वाढते. हलका नाश्ता पुरे. सर्दीने कान बंद असतील तर उडी पुढे ढकलावी, कारण नाक दाबून फुंकण्याचा उपाय चोंदलेल्या कानाला लागू पडत नाही.

स्टॅटिक लाइनमध्ये विद्यार्थी पहिल्याच उडीला एकटा असतो. ३,००० ते ३,५०० फुटांवर तो बाहेर पडतो आणि विमानाला बांधलेली पट्टी छत्री ओढून काढते. ‘हजार एक, हजार दोन’ असे पाच मोजायचे आणि वर पाहायचे. लष्करी छत्रीसैनिकांची पद्धत हीच. खेळाच्या शिक्षणात स्वतः हँडल ओढण्याचा खोटा सराव तीन उड्यांत नीट जमला की पाच सेकंदांचे पहिले मुक्तपतन देतात.

एएफएफ १९८० च्या दशकारंभी अमेरिकेत रूढ झाले. सहा ते आठ तासांचा जमिनीवरचा वर्ग, मग पहिल्याच उडीत पूर्ण उंचीवरून मुक्तपतन. दोन्ही बाजूंना एकेक प्रशिक्षक हार्नेस धरून. पहिल्या तीन पायऱ्या दोन प्रशिक्षकांच्या, पुढच्या एकाच्या. विद्यार्थी उंची पाहतो, हँडलला हात लावून तीन खोटे सराव करतो, पुन्हा उंची पाहतो आणि ५,५०० फुटांच्या सुमारास खूण करून पायलट छत्री, म्हणजे मुख्य छत्री ओढून काढणारी छोटी छत्री, फेकतो. अमेरिकी छत्रीउडी संघटनेच्या (यूएसपीए) पहिल्या परवान्याला किमान २५ उड्या लागतात. नवख्याचे बिघडते ते शरीर ताठ केल्याने. घाबरून गुडघे आखडले किंवा मान खाली घातली की कमान मोडते, पोटाऐवजी पाठ हवेवर येते आणि माणूस गरगरू लागतो. त्यावर उपाय जोर लावणे नव्हे, श्वास सोडून कंबर पुढे ढकलणे हा आहे.

छत्री उघडल्यावर तीन प्रश्न : आकार चौकोनी आहे का, वळते का, दोन्ही टॉगल (सुकाणूच्या दोऱ्यांच्या मुठी) ओढल्यावर फ्लेअर घेते का, म्हणजे वेग मोडून सावरते का? दोऱ्यांना पीळ पडलेला असेल तर रायझर (हार्नेसला दोऱ्यांशी जोडणारे पट्टे) बाजूला ताणून पाय मारत तो सोडवता येतो. छत्रीचे कडेचे हवा भरणारे कप्पे मिटलेले असतील तर टॉगल खाली ओढून धरल्यावर बहुधा उघडतात. मात्र दोरी छत्रीवरून आडवी गेली असेल किंवा छत्री पिशवीतच अडकली असेल तर खटपट करत बसायचे नसते. विद्यार्थ्यासाठी निर्णयाची उंची २,५०० फूट : उजवीकडचे हँडल ओढून मुख्य छत्री तोडायची, लगेच डावीकडचे ओढून राखीव उघडायची. हा क्रम वर्गात टांगलेल्या हार्नेसमध्ये इतक्या वेळा घोटून घेतात की तो हातात बसतो. माणूस काहीच करू शकला नाही तर दाबमापकावर चालणारे स्वयंचलित यंत्र राखीव छत्री उघडते. विद्यार्थ्यांच्या यंत्रात ७५० ते १,००० फुटांवर, टँडेममध्ये सुमारे १,९०० फुटांवर. राखीव छत्रीची घडी परवानाधारक रिगर, म्हणजे छत्र्यांचा तज्ज्ञ कारागीरच घालतो. अमेरिकी नियमात तिची मुदत १८० दिवसांची आहे.

उतरण्याचा मार्ग चौकटीचा : १,००० फुटांवर वाऱ्याबरोबर, ६०० वर आडवे, ३०० वर वाऱ्याच्या तोंडावर. पाय जमिनीपासून १० ते १२ फुटांवर असताना फ्लेअर. तो लवकर घेतला तर छत्री वरच थबकते आणि मग आदळते. अशा वेळी टॉगल सोडून देणे ही त्याहून मोठी चूक, कारण छत्री पुढे झेपावते. आहे तिथे धरून पाय जुळवून लोळण घ्यावी : पावले, पोटरी, मांडी, कुल्ला, पाठ.

कापड : छत्रीचे नायलॉन ‘रिपस्टॉप’ विणीचे असते. ताणा आणि बाणा दोन्हींत ठराविक अंतरावर जाड धागा घालून बारीक चौकटी पाडतात, त्यामुळे फाटलेले पुढच्या चौकटीशी अडते. सोलापूरच्या चादरीत जेकार्डवर धागा नक्षीसाठी उचलला जातो. इथे त्याला नक्षीशी देणेघेणे नाही. वजन चौरस मीटरला ४० ग्रॅमच्या आसपास. हवा थोडी झिरपू देणारे जुने कापड घडीला सोपे, पण शेकडो उड्यांनंतर झिरपण वाढून फ्लेअर दुबळा होतो. सिलिकॉनचा लेप दिलेले कापड हवा झिरपू देत नाही, मात्र नवे असताना हातातून निसटते आणि नवख्याला घडी घालताना घाम फोडते. विद्यार्थ्याची छत्री साधारण २३० ते २९० चौरस फुटांची. ढोबळ नियम असा : सामानासह वजन पौंडात जितके, किमान तितके चौरस फूट कापड.

भारतातील परंपरा : येथे पहिली उडी दीर्घकाळ लष्करी राहिली. भारतीय छत्रीसैनिकांच्या उड्या ऑक्टोबर १९४१ मध्ये कराचीत सुरू झाल्या. स्वातंत्र्यानंतर आग्रा हे मुख्य केंद्र झाले. १९५९ मध्ये हवाई दलाच्या डॉक्टर गीता घोष, १९७९ मध्ये नागरी क्षेत्रातून रेचल थॉमस यांनी आग्र्यातच उडी मारली. पुण्याच्या शीतल महाजन यांची पहिली उडी १८ एप्रिल २००४ रोजी थेट उत्तर ध्रुवावर झाली. हा अपवाद म्हणूनच वाचावा, नमुना म्हणून नव्हे. एनसीसीच्या निवडक छात्रांना आग्र्याचा प्राथमिक अभ्यासक्रम मिळतो, आणि महाविद्यालयीन मुलांसाठी विनाखर्च असा मार्ग तोच. नागरी उड्यांना हरियाणात नारनौलजवळची बाछोद धावपट्टी हे ठिकाण आहे. २०२२ च्या राष्ट्रीय हवाई क्रीडा धोरणात स्कायडायव्हिंगचा समावेश झाला.

सोलापूर परिसर : शहर पुण्यापासून सुमारे २५० व हैदराबादपासून सुमारे ३०० किलोमीटरवर आहे. हैदराबादेत उभ्या वाऱ्याचा, म्हणजे खालून वर वाहणाऱ्या जोरदार वाऱ्यावर माणूस तरंगवणारा, बोगदा असल्याने विमानात न बसता शरीराची कमान शिकण्याची सोय सोलापूरकरांना उत्तरेपेक्षा जवळ पडते. बोगद्यातला एक मिनिट म्हणजे एका उडीतले जवळजवळ सगळे मुक्तपतन. एएफएफला जाण्याआधी तिथली १० मिनिटे पैसे वाचवतात. छत्री हाताळणे मात्र तिथे शिकता येत नाही.

होटगी रस्त्यावरील विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० फुटांवर आहे. तिथून जून २०२५ मध्ये गोव्याची प्रवासी सेवा सुरू झाली. अशा चालत्या विमानतळावरून उड्या मारायच्या तर हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी व वैमानिकांना आगाऊ सूचना अनिवार्य. परिसराचा खरा प्रश्न उष्णतेचा आहे. मे महिन्यात पारा ४२ अंशांवर असताना येथील हवा थंड प्रदेशातल्या सुमारे ५,००० फूट उंचीवरच्या हवेइतकी विरळ वागते. विमान चढायला वेळ घेते आणि छत्री थंड समुद्रसपाटीपेक्षा सुमारे आठ टक्के अधिक वेगाने जमिनीवर येते. त्याच सवयीने घेतलेला फ्लेअर मग उशिरा पडतो. दुपारच्या वावटळी त्याहून वाईट. वावटळीच्या कडेला छत्रीचे कप्पे मिटतात आणि ३०० फुटांखाली ते पुन्हा भरायला उंची उरत नाही. मैदानावर धुळीचा खांब दिसला की उड्या थांबवाव्यात. एरवीही विद्यार्थ्यासाठी वाऱ्याची मर्यादा ताशी २२ किलोमीटरच्या आसपास असते. ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतची सकाळ या भागात सर्वांत योग्य. वर मात्र गारठा : दर हजार फुटांना साधारण २ अंश उतार धरला तर खाली २५ अंश असताना १३,००० फुटांवर पाणी गोठण्याच्या जवळपास, तेव्हा हातमोजे लागतातच.

मैदान चुकल्यास कुठे उतरावे, हेही पिकावर ठरते. काढणी झालेले ज्वारीचे रान उत्तम. नांगरलेल्या काळ्या रानात ढेकळांमुळे, उन्हाळ्यात भेगांमुळे घोटा मुरगळतो; पावसानंतर पाय रुततो. उसात उंचीचा अंदाज हमखास चुकतो, कारण शेंडे हीच जमीन वाटते. द्राक्षबाग कोणत्याही परिस्थितीत टाळावी : लोखंडी अँगल आणि ताणलेल्या तारा वरून हिरव्या पानांखाली दिसत नाहीत. विजेची तारही वरून दिसत नाही. खांब दिसतात, म्हणून दोन खांबांमध्ये तार आहेच असे धरून वळावे, आणि ते वळण २०० फुटांच्या वरच संपवावे.