सूर लागला तर चिप निर्दोष

डॅक म्हणजे काय, हे सांगत बसत नाही. लॅपटॉपकडून गाण्याचे आकडे घेतो, अँपला (स्पीकर वाजवणाऱ्या अँप्लिफायरला) त्यांचं व्होल्टेज करून देतो, विषय संपला. त्याच्या आतली चिप ईएसएस कंपनीची बरी की एकेएमची, हा वादही तुम्ही कोळून प्यायला असाल. माझं दुखणं वेगळं आहे. ‘स्पीकरमधून घूंऽऽ येतंय, ही चिप नॉइझी आहे का? दुसऱ्या चिपचा डॅक घेऊ का?’ असं कुणीतरी विचारतं आणि तीन-चार जण इमानेइतबारे त्याला नवा डॅक सुचवतात. तो घेतो. नव्या डॅकमधूनही तेच घूंऽऽ. मग तो म्हणतो, आता आर-टू-आर (तयार चिपऐवजी रोधांच्या शिडीवर चालणारा डॅक) घेऊन बघतो.

अहो, थांबा. आधी आवाज कुठला आहे ते ऐका.

गाणं बंद करा, अँपचा आवाज वाढवा आणि ट्वीटरला (स्पीकरमधल्या बारीक आवाजाच्या छोट्या भागाला) कान लावा. सूंऽऽ ऐकू येतं, कुकरची शिट्टी पडायच्या आधी वाफ निसटते तसं? त्याला सूर नसतो. हा गोंगाट इलेक्ट्रॉनिक्सच्या पोटातला. आता वूफरपाशी (खालच्या आवाजाच्या मोठ्या भागापाशी) या. तिथे घूंऽऽ असेल तर त्याला चक्क सूर असतो. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे घूं ५० आणि १०० हर्ट्झवर बसतं. घरात पेटी असेल तर खर्जातली पांढरी पाच दाबून बघा. १०० हर्ट्झचं घूं तिच्याहून जरासं चढं लागेल. डॅकच्या चिपला भिंतीतल्या विजेचा सूर ठाऊक असायचं कारण नाही. तो बाहेरून आत शिरलाय.

कसा शिरतो, हेच लोकांना पटत नाही, म्हणून जरा सावकाश सांगतो. डॅकपासून अँपला जाणाऱ्या नेहमीच्या आरसीए केबलमध्ये दोनच वाटा असतात, मधली तार आणि बाहेरची जाळी. अँप या दोहोंतला फरक मोजतो आणि त्यालाच गाणं समजतो. आता लॅपटॉपचा चार्जर तीन पिनांचा, अँपचा प्लगही तीन पिनांचा. दोघांचं अर्थिंग भिंतीत जोडलेलंच आहे. तुम्ही यूएसबी, डॅक आणि आरसीए अशी साखळी लावलीत की ते दुसऱ्या बाजूनेही जोडलं जातं. झालं वेटोळं तयार. दोन सॉकेटांच्या अर्थमध्ये काही मिलिव्होल्टचा फरक सहज असतो, तेवढ्यावर त्या वेटोळ्यातून प्रवाह फिरायला लागतो. तो जाळीतून जाताना जाळीच्या दोन टोकांत इवलासा व्होल्टेज पडतो आणि अँप तोही गाण्यात धरतो. चिपचं काम त्याच्या कितीतरी आधीच उरकलेलं असतं.

आकडे घाला म्हणजे चिपवाल्यांचा वाद किती पोकळ आहे ते दिसेल. साधारण डॅक पूर्ण जोरात २ व्होल्ट देतो. त्याचा स्वतःचा गोंगाट १२० डेसिबल खाली धरला, तर तो दहा लाखावा हिस्सा, म्हणजे २ मायक्रोव्होल्ट. (१६ बिटच्या सीडीचा गोंगाट सैद्धांतिक हिशेबानेच सुमारे ९८ डेसिबल खाली असतो, म्हणजे चिप तुमच्या गाण्यापेक्षा आधीच शांत आहे.) दुसरीकडे जाळीचा रोध ०.१ ओहम आणि तिच्यातून फिरणारा प्रवाह १० मिलिअँप धरा. १ मिलिव्होल्ट झाला. चिपच्या पाचशेपट! हा डोंगर जागेवर ठेवून १२० ची चिप काढून १३० ची बसवल्याने काय साधणार?

‘माझा अडॉप्टर दोन पिनी आहे, मग अर्थिंगचं वेटोळं कुठून?’ रास्त शंका. पण चार्जिंगला लावलेल्या धातूच्या लॅपटॉपवर अनवाणी उभं राहून हात फिरवा, झिणझिण्या येतात ना? अडॉप्टरच्या आतला एक छोटा कपॅसिटर भिंतीतल्या विजेच्या बाजूकडून थोडा प्रवाह इकडे झिरपू देतो. तो ०.१ मिलिअँपच्या आसपास असला तरी वरच्याच जाळीवर १० मायक्रोव्होल्ट पडतात. चिपच्या पाचपट.

तपासणी दोन मिनिटांची आहे. चार्जर काढा, लॅपटॉप बॅटरीवर चालवा. घूं गेलं तर चिप निर्दोष सुटली. डॅकला हेडफोनचं भोक असेल तर अँपची केबल काढून हेडफोन लावा. हेडफोनला दुसरीकडे अर्थिंग नसतं, त्यामुळे वेटोळंच होत नाही. हेडफोनवर शांत आणि स्पीकरवर घूं, म्हणजे डॅक बदलायचा विचार सोडा. माउसचं चाक फिरवलं की चिर्रचिर्र होतं किंवा बारीक शिट्टी येते, ती यूएसबीच्या बाजूची घाण. १ किंवा ८ किलोहर्ट्झची सुई टोचल्यासारखी शिट्टी असेल तर ती यूएसबीच्या स्वतःच्याच तालाची आहे: डेटा दर १ मिलिसेकंदाला किंवा त्याच्या आठव्या हिश्शाने जातो.

माझ्या घरी चार्जर काढूनही घूं जाईना. दोन संध्याकाळी मी टेबलाखाली घालवल्या. शेवटी लॅपटॉपची एचडीएमआय काढली आणि एकदम शांतता. एचडीएमआय टीव्हीला, टीव्ही सेट-टॉप बॉक्सला, बॉक्सची जाड केबल गच्चीवरच्या छत्रीला आणि छत्रीचा खांब लोखंडी कठड्याला बांधलेला. अख्खी इमारत माझ्या डॅकला जोडलेली होती.

उपाय माझ्या आवडीच्या क्रमाने सांगतो. सगळी उपकरणं एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या, फुकट आहे. मग ऑप्टिकल केबल: प्लॅस्टिकच्या धाग्यातून नुसता उजेड जातो, वीज जायला वाटच नाही. ते बहुधा ९६ किलोहर्ट्झच्या सॅम्पलिंगपर्यंत (सेकंदाला ९६ हजार आकडे) जातं, गाण्याला पुरून उरतं. लॅपटॉपला ऑप्टिकल नसेल तर यूएसबी आयसोलेटर (डेटा जाऊ देणारा, पण विजेची जोडणी तोडणारा डबा). अँपला बॅलन्स्ड इनपुट (गाणं दोन वेगळ्या तारांतून घेणारं) असेल तर एक्सएलआर केबल, कारण तिथे जाळीवर गाण्याची जबाबदारीच नसते. आरसीएच्या मध्ये लावायचे स्वस्त ट्रान्सफॉर्मरवाले डबे घूं घालवतात, पण सोबत खालचा बासही खातात. मला ते आवडत नाहीत.

आणि अर्थिंगची पिन कापू नका. ‘पिन कापली आणि हम (म्हणजे हेच घूं) गेला’ असं अभिमानाने सांगणारे भेटतात तेव्हा माझं डोकं फिरतं. घूं जाईलही. पण उद्या अँपच्या आत फेजची तार सुटून डब्याला लागली, तर वीज जायला तुमचा हात उरेल.

सूंचं काय? बहुतेक वेळा अँपचा गेन (सिग्नल किती पट वाढवायचा ते) जास्त असतो किंवा इअरफोन फार संवेदनशील. गेनचं बटण खाली करा.

मग चिप कुठे महत्त्वाची? खिशातल्या डाँगलमध्ये (फोनला लावायच्या छोट्या डॅकमध्ये), बॅटरी किती खाते म्हणून. टेबलावरच्या डॅकमध्ये तिच्या भोवतीचं सर्किट बघा. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमधल्या नोबेओका इथला एकेएमचा कारखाना जळला आणि बऱ्याच कंपन्यांना चिप बदलावी लागली. आरएमई या कंपनीने आपल्या एडीआय-२ डॅकमध्ये एकेएमच्या जागी ईएसएस घातली. नाव तेच राहिलं, मोजमापंही जवळपास तीच. आणि घूं असलेल्यांचं घूंही तेच.