मूठ जुनी, केस नवे : दाढीच्या ब्रशांच्या छंदामागचा इतिहास

नागपुरात रस्त्याकडेला जुनं सामान मांडून बसणाऱ्यांच्या चादरीवर पितळी कुलपं, बंद पडलेली घड्याळं, स्टोव्हचे बर्नर यांच्यात कधीतरी दाढीचा जुना ब्रश सापडतो. त्याचे केस बहुधा झडलेले असतात, नाहीतर वाळवीनं खाल्ल्यासारखे अर्धवट उरलेले. गिऱ्हाइकानं तो उचललाच, तर विकणाराच विचारतो, "काय करता याले घेऊन? केसच नाही राहिले त्याचे." हे जुने ब्रश दुरुस्त करणाऱ्यांचा छंद मात्र नेमका याच गोष्टीवर उभा आहे. केस जातात, मूठ राहते. मुठीचं आयुष्य वेगळं आणि केसांचं वेगळं. दोघांचे धंदे वेगळे, देश वेगळे, त्यांच्यावर आलेली संकटंही वेगळी. हे नीट कळलं की कुठल्या ब्रशात काय ठेवायचं आणि काय बिनदिक्कत फेकायचं, हेही कळतं.

आधी हे ब्रश इथे आले कुठून ते पाहू. आपल्याकडच्या न्हाव्याच्या धोकटीत वस्तरा, वाटी, चिमटा, कातर आणि तुरटी असे. दाढी भिजवायला पाणी आणि बोटं पुरत. साबणाचा फेस आणि तो काढणारा ब्रश आला तो गोऱ्या साहेबाबरोबर. नागपूरला साहेबांची वाण नव्हती. कामठीची छावणी १८२१ ची. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला आणि नागपूर त्याची राजधानी. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे इथे पोचली, पुढे बंगाल-नागपूर रेल्वेही आली. फौजी, रेल्वेचे अधिकारी, सिव्हिल लाइन्समधले आयसीएस, मिशनरी आणि १८७७ पासून एम्प्रेस मिलचे तंत्रज्ञ असे रोज सकाळी गुळगुळीत दाढी करणारे लोक गावात वाढत गेले. त्यांच्यामागोमाग वकील, मास्तर आणि कचेरीतले बाबूही ब्रश वापरू लागले. म्हणून नागपूरच्या जुन्या घरांतून आज निघणारे ब्रश एकाच तऱ्हेचे नसतात. इंग्रजी असतात, अमेरिकी असतात, आणि स्वातंत्र्यानंतरचे देशी प्लास्टिकचे तर पुष्कळच.

दाढीचा ब्रश हे अठराव्या शतकातल्या युरोपचं अपत्य. लंडनचं केंट हे ब्रशांचं घराणं १७७७ पासूनचं, पॅरिसचं प्लिसों १८०८ पासूनचं. उत्तम ब्रश बॅजर या बिळात राहणाऱ्या रानटी प्राण्याच्या केसांचा, कारण हे केस टोकाला निमुळते असतात, पाणी धरून ठेवतात आणि गालाला टोचत नाहीत. त्याखालोखाल डुकराचे राठ केस. ते आधी पाण्यात भिजत घालावे लागतात आणि वापरून वापरून टोकाला फाटले की मऊ होतात. तिसरे घोड्याचे. स्वस्त असलेल्या या तिसऱ्या प्रकारानं पुढे माणसं मारली.

केस मुठीत बसवायची जुनी रीत अगदी साधी होती. गुच्छ दोऱ्यानं घट्ट बांधायचा, त्याच्या बुडाला राळ किंवा डांबरासारखा चिकट पदार्थ लावायचा आणि मुठीच्या खळग्यात दाबून बसवायचा. अडचण अशी की ब्रश रोज गरम पाण्यात जातो. उष्णतेनं राळ मऊ होते, पाणी आत शिरतं, दोरा कुजतो आणि एके सकाळी केस गालाला चिकटून बाहेर येतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत न्यूआर्कच्या रबरसेट कंपनीनं केसांची बुडं रबरात धरून ते रबर कडक करायची पद्धत बाजारात गाजवली. तेव्हापासून कितीतरी ब्रशांच्या मुठीवर 'रबरात बसवलेला' अशा अर्थाचा इंग्रजी शिक्का दिसू लागला. आज तोच शिक्का दुरुस्ती करणाऱ्याची डोकेदुखी आहे. राळेचा गुच्छ गरम पाण्याच्या वाफेवर धरला की सुटतो. शंभर वर्षं जुनं रबर दगडासारखं होतं आणि ते ड्रिलनं थोडं थोडं खरवडून काढण्याला पर्याय नसतो.

दरम्यान वस्तरा बदलला होता. जिलेटनं १९०३ मध्ये, विक्रीच्या पहिल्या वर्षी, अवघे ५१ सेफ्टी रेझर आणि १६८ पाती विकली. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यानं त्याच कंपनीकडून सुमारे ३५ लाख रेझर घेतले. माणूस न्हाव्याशिवाय स्वतःची दाढी करू लागला, म्हणजे प्रत्येक सैनिकाच्या पिशवीत एक ब्रशही आला. इतके ब्रश पुरवायला बॅजर कुठून आणायचे?

इथून या इतिहासातला सगळ्यात काळा भाग सुरू होतो, आणि जुन्या ब्रशाला हात लावणाऱ्या प्रत्येकानं तो वाचलाच पाहिजे असं माझं मत आहे. युद्धाआधी चीन, सैबेरिया या भागांतले घोड्याचे केस युरोपातून, विशेषतः जर्मनीतून, निर्जंतुक होऊन पुढे जात. युद्धानं ती वाट बंद झाली. केस थेट येऊ लागले, पुरेशी प्रक्रिया न होता. बॅजरच्या केसांसारखे दिसावेत म्हणून ते रंगवले गेले आणि स्वस्त ब्रशांत भरले गेले. त्यातल्या काहींत अँथ्रॅक्सचे बीजाणू, म्हणजे त्या रोगजंतूंची चिवट, सुप्त रूपं होती. हाच रोग आपल्या गुराख्यांना गुरांमधली फाशी म्हणून ठाऊक आहे आणि माणसाच्या कातडीवर झाला की आपण त्याला काळपुळी म्हणतो. दाढी करताना पात्यानं बारीकशी जखम होते, तिच्यावर ब्रश फिरतो, बीजाणू आत शिरतो. मग चेहऱ्यावर किंवा मानेवर फोड, सूज, मध्ये काळी खपली. प्रतिजैविकं अजून यायची होती. १९१५ पासून पुढच्या काही वर्षांत ब्रिटन आणि अमेरिकेत सैनिक व नागरिक मिळून दोनशेहून जास्त लोकांना ब्रशापासून ही बाधा झाली. काही दगावले.

ब्रिटननं १९१९ मध्ये अँथ्रॅक्स प्रतिबंधक कायदा केला, १९२० मध्ये जपानी बनावटीच्या दाढीच्या ब्रशांची आयात बंद केली, आणि १९२१ मध्ये लिव्हरपूलला परदेशी लोकर आणि केस निर्जंतुक करण्याचं सरकारी केंद्र उघडलं. त्यानंतरच्या अमेरिकी ब्रशांवर 'निर्जंतुक' असा शिक्का अभिमानानं मारलेला आढळतो. तो शिक्का दिसला की संग्राहक खूश होतात. मला मात्र त्यात विक्रेत्याची भेदरलेली हमी दिसते.

अँथ्रॅक्सचे बीजाणू कोरड्या जागी दशकानुदशकं टिकतात, साबणानं मरत नाहीत, आणि घरात पाण्याला एक उकळी आणून भागत नाही. म्हणून १९३० च्या आधीचा, विशेषतः घोड्याच्या केसांचा ब्रश 'मूळ रूपात' वापरण्याचा हट्ट मला समजत नाही. धोका थोडाच असेल, पण त्यासाठी आपला गाल कशाला द्यायचा? काही संग्राहक म्हणतात की केस बदलले तर ब्रश 'जुना' राहत नाही. तसा ब्रश काचेच्या कपाटात ठेवावा. गालावर फिरवायचा असेल तर केस नवे हवेत. जुना गुच्छ काढतानाही तो आधी ओला करावा, हातमोजे आणि मास्क घालावा, म्हणजे धूळ उडत नाही.

मुठीची गोष्ट त्या मानानं आनंदाची आहे. सुरुवातीला लाकूड, हाड, शिंग आणि श्रीमंतांसाठी हस्तिदंत. मग रसायनशास्त्र आलं. हायट या अमेरिकी संशोधकाच्या १८७० च्या पेटंटपासून सेल्युलॉइड या सुरुवातीच्या प्लास्टिकचा धंदा वाढला. हस्तिदंताची नक्कल म्हणून त्याच्या मुठी निघाल्या. घासून गरम केलं की त्याला कापराचा वास येतो, आणि तो पेटतो भराभर. १८९९ मध्ये जर्मनीत दुधातल्या केसीनपासून गॅलॅलिथ बनवण्याचं पेटंट झालं. त्याला जळक्या दुधाचा वास येतो आणि पाण्यात ठेवला तर तो फुगून तडकतो. ज्या पदार्थाला पाणी चालत नाही त्याचा दाढीचा ब्रश का करावा, हे मला आजवर कळलेलं नाही. १९०९ मध्ये बेकलँड या रसायनशास्त्रज्ञानं बेकलाइट हे प्लास्टिक जाहीर केलं. ते मजबूत, पण रंग बहुधा काळा किंवा तपकिरी. मूळ पेटंटांची मुदत संपल्यावर, १९२० च्या दशकाच्या अखेरीस, कॅटालिन आलं. हेही त्याच कुळातलं, फक्त ते साच्यात ओतून दिवसच्या दिवस भट्टीत पक्कं करत आणि मग लेथवर कातत. त्यामुळे त्यात हवे ते रंग मिळू लागले. एव्हर-रेडी आणि रबरसेट या कंपन्यांच्या १९३० च्या दशकातल्या लाल, हिरव्या, पिवळ्याधमक मुठी यातल्याच. कॅटालिन उजेडानं आणि वयानं पिवळं पडतं. पांढरी मूठ लोणकढ्या तुपासारखी होते, निळी हिरवट दिसू लागते. पाणकागदानं वरचा थर काढला की खाली कारखान्यातून निघाला तेव्हाचा रंग सापडतो. छंदातला सगळ्यात मोठा वाद इथेच आहे. वय दाखवणारा पिवळा थर ठेवायचा की मूळ रंग बाहेर काढायचा? मी ठेवणाऱ्यांपैकी आहे. एकदा खरवडलेला थर पुन्हा यायला पन्नास वर्षं लागतील.

डुकराच्या केसांची वाट मात्र भारतातून आणि काहीशी नागपुरातूनही जाते. राठ केसांचा जगातला मोठा पुरवठादार चीन. भारतात हा व्यापार कानपूरभोवती वाढला. केस गोळा करणं, धुणं, लांबीप्रमाणे निवडून जुड्या बांधणं हे सगळं हातानं चाले, आणि ते करणाऱ्यांच्या वाट्याला पैसाही आला नाही, मानही नाही. दुसऱ्या महायुद्धात जपाननं चीनची किनारपट्टी अडवल्यावर डुकराचे केस ही युद्धसामग्री झाली. रंगकामाच्या आणि तोफा साफ करायच्या ब्रशांना ते लागत. अमेरिकेनं त्यांच्या वापरावर निर्बंध घातले, आणि हिमालयावरून चीनला रसद नेणारी विमानं परतताना टंग्स्टन, कथील आणि चहाबरोबर डुकराचे केसही आसामात उतरवत. भारतातून निर्यात होणाऱ्या केसांची प्रतवारी पुढे ॲगमार्कखाली आली. १९३७ च्या कायद्यातून निघालेल्या त्या ॲगमार्कची केंद्रीय प्रयोगशाळा नागपुरातच आहे. तेल-तूप-मसाल्यांसाठी आपल्याला ठाऊक असलेला हा शिक्का दाढीच्या ब्रशाच्या केसांशीही जोडलेला होता, हे कितीतरी नागपूरकरांना माहीत नसेल.

याच काळात केसांना पर्याय आला. ड्यूपाँटनं १९३८ मध्ये नायलॉन बाजारात आणलं ते आधी टूथब्रशच्या तंतूंत. दाढीच्या ब्रशात ते पुढे आलं, पण ते जुनं नायलॉन पाणी धरत नसे आणि फेस सगळा गालाऐवजी वाटीत राही. सिंथेटिक म्हटलं की अजूनही जुनी माणसं नाक मुरडतात ती त्या आठवणीनं. पाश्चात्त्य देशांत ब्रशाचीच गरज कमी होत गेली. ब्रश न लागणारं बार्बासोल क्रीम १९१९ चं, डब्यातून फसकन बाहेर येणारा 'राइज' फेस १९४९ चा. आपल्याकडे ट्यूबमधलं क्रीम, गोल साबण आणि प्लास्टिकच्या मुठीचा ब्रश फार उशिरापर्यंत घरोघरी टिकला. म्हणून इथे ब्रश कधी 'प्राचीन वस्तू' झालाच नाही. केस झिजले की तो शिलाई मशीन झाडायला जाई, नाहीतर टाइपरायटर किंवा हार्मोनियमच्या फटी साफ करायला. नागपुरात चांगल्या मुठी मिळतात त्या याच कारणानं, आणि त्यांच्यावर मशीनच्या तेलाचे डाग असतात तेही याच कारणानं.

गेल्या वीसेक वर्षांत जगभर वस्तरा-ब्रश-साबणाच्या जुन्या दाढीची आवड परतली, तेव्हा तयार गुच्छ सुटे मिळू लागले. हा छंद शक्य झाला तो त्यामुळे. बॅजर आणि डुक्कर आहेतच, पण नवे सिंथेटिक तंतू टोकाला निमुळते केलेले असतात. ते मऊ असतात, तासाभरात सुकतात, आणि त्यांच्यासाठी कुणाला मरावं लागत नाही. जुन्या मुठीसाठी मी तेच सुचवीन. खळग्याचा व्यास साधारण २० ते २४ मिलिमीटर करावा लागतो. गुच्छ मुठीबाहेर ५० मिलिमीटरच्या आसपास ठेवला तर फेस नीट होतो. खोल बसवला तर ब्रश ताठ, वर बसवला तर लुळा. खळगा खोल असेल तर तळाशी लाकडाची चकती घालावी आणि मग इपॉक्सीनं गुच्छ पक्का करावा. हिंगण्याच्या एमआयडीसीत लेथवाल्यांची वाण नाही, पण कॅटालिन यंत्रावर लावायच्या आधी लेथवाल्याला सांगावं की हे पितळ नाही. जोरात कातलं तर टवका उडतो. घरी करायचं तर ४०० नंबरच्या पाणकागदापासून २००० पर्यंत जावं, पाणी लावत, आणि शेवटी ब्रासो. सेल्युलॉइडची मूठ असेल तर ती मे महिन्यात टिनाच्या छताखाली ठेवू नये. ४५ अंशांच्या वर पारा गेला की हा पदार्थ वाकतो, सडतो आणि शेजारच्या मुठीही बिघडवतो.

एका गोष्टीत मात्र छंद बाजूला ठेवून कायदा पाहावा. पांढरी मूठ हातात आली की भिंगाखाली धरा. सरळ समांतर रेघा असतील तर ती सेल्युलॉइडची नक्कल. एकमेकींना छेदणाऱ्या जाळीदार रेघा असतील तर तो खरा हस्तिदंत. भारतात वन्यजीव कायद्यातल्या १९८६ च्या दुरुस्तीनं देशी हस्तिदंताचा व्यापार बंद झाला आणि १९९१ च्या दुरुस्तीनं आफ्रिकी हस्तिदंताचाही. ती मूठ कितीही स्वस्त मिळत असली, तरी आहे तिथेच ठेवून यावी.