शीर्षकात नसलेला विंचू

महाडजवळच्या एका मुलीचा फोन आला. विंचूदंशावर प्रकल्प करायचाय. एंडनोट या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमधून पबमेड ही वैद्यकीय लेखांची सूची उघडली, ‘शीर्षक’च्या चौकटीत ‘हॉटेन्टोटा टॅम्युलस’ हे लाल विंचवाचं शास्त्रीय नाव टाकलं, तर हाती लागले ते सगळे अलीकडचे लेख. म्हणाली, “सर, म्हणजे आपल्याकडे आधी कुणी कामच केलं नाही?”

केलं तर! तिच्याच तालुक्यात. बिरवाडी-महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचा लाल विंचवाच्या दंशावरचा लेख १९८२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. पण त्याच्या शीर्षकात शास्त्रीय नाव नाही, ‘रेड स्कॉर्पियन स्टिंग’ आहे. शिवाय नावही बदलत गेलं: आधी ब्यूथस, मग मेसोब्यूथस, आता हॉटेन्टोटा. सॉफ्टवेअरला विंचू कळत नाही, अक्षरं कळतात.

चौकट भरल्यावर आत जे घडतं ते मला फार देखणं वाटतं. ग्रंथालयांच्या सूचींसाठी झेड३९.५० नावाची सामाईक भाषा आहे. तिच्यात ‘लेखक’ हा शब्द जातच नाही, आकडा जातो. लेखक म्हणजे १००३, शीर्षक ४, विषय २१, आयएसबीएन (पुस्तकाचा ओळखक्रमांक) ७. पलीकडच्या संगणकाची मांडणी कशीही असो, ४ म्हणजे शीर्षकच. पबमेडची पद्धत स्वतःची, तिथे हेच काम ‘टीआय’ (‘टायटल’ म्हणजे शीर्षक) ही खूण करते. शीर्षक, लेखक अशा प्रत्येक कप्प्याची शब्दसूची आधीच तयार असते, शब्दापुढे नोंदींचे क्रमांक. ‘ऑर’ लिहिलं की दोन याद्या एकत्र होतात, ‘अँड’ने फक्त सामाईक क्रमांक उरतात. कप्पा न सांगता शोधलं, तर पबमेड तुमचा शब्द ‘मेश’ या विषयसूचीतल्या मथळ्याशीही जुळवून बघतं. ‘टीआय’ लावलं की ती मदत बंद.

मंत्राने विंचू उतरवणारे आजही भेटतात. पुष्कळ दंशांत नुसती वेदना होते, ती आपोआप ओसरते आणि श्रेय मंत्राला जातं. दरदरून घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय दिसले तर आधी दवाखाना गाठा. विंचूदंशावरची प्राझोसिनची गोळी तिथे मिळते, मांत्रिकाकडे नाही.

मुलीला सांगितलं, तिन्ही जुनी-नवी नावं आणि ‘रेड स्कॉर्पियन’ यांच्यामध्ये ‘ऑर’ घाल. मग लेखकाच्या चौकटीत बावस्कर घालून बघ, आडनाव आधी, आद्याक्षरं नंतर. अर्ध्या तासाने तिचा मेसेज आला. नुसता पडद्याचा फोटो होता, वर्षाच्या रकान्यात १९८२.