काइटसर्फिंग शिकायला निघण्याआधी : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

काइटसर्फिंग म्हणजे पायाखाली बोर्ड (फळी) घेऊन, मोठ्या पतंगाच्या म्हणजे काइटच्या ओढीवर पाण्यावरून घसरत जाणं. दुकानात येणारे बरेच जण पहिला प्रश्न हाच विचारतात, "भाऊ, पतंग तर लहानपणापासून उडवतो. यात वेगळं काय?" प्रश्न रास्त आहे. नागपूरच्या गच्च्यांवर संक्रांतीला ज्याचे हात तयार झाले, त्याला वारा कळतोच. पण हाताची तीच सवय समुद्रावर उलटते. पतंग हातचा जातोय असं वाटलं की आपण मांजा खेचतो. काइटचा बार (दोऱ्या जोडलेला, हातात धरायचा दांडा) मात्र घाबरून अंगाकडे ओढला की ओढ वाढते. म्हणून घाबरलात की बार सोडायचा. काइट हार्नेसला, म्हणजे कमरेला बांधलेल्या पट्ट्याला, अडकवलेलाच असतो. सोडलेला बार वर सरकतो आणि काइटचा जोर उतरतो. हे वाचायला सोपं आहे, हाताच्या अंगवळणी पडायला कित्येक तास लागतात.

वाऱ्याचा हिशेब

वाऱ्याचा वेग नॉटमध्ये मोजतात. एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर. वारा १२ नॉटवरून १८ वर गेला, तर वेग दीडपट होतो, पण काइटवरचा जोर सव्वादोन पट होतो, कारण जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सकाळी १२ मीटरचा काइट आरामात सांभाळणारा माणूस दुपारी त्याच काइटनं वाळूवरून फरफटत जातो, तो यामुळे. (हे १२ मीटर म्हणजे कापडाचं क्षेत्रफळ, चौरस मीटरमध्ये.) आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात ढग दाटून आले की पावसाआधी जो सोसाट्याचा वारा सुटतो, तसाच समुद्रावरही सुटतो. क्षितिजावर काळा ढग दिसला की काइट उतरवायचा. ढग डोक्यावर येईपर्यंत थांबायचं नाही.

किनारा पाण्यापेक्षा धोक्याचा

नवख्यांना खोल पाण्याची भीती वाटते, पण गंभीर इजा बऱ्याचदा वाळूवर, काइट चढवताना किंवा उतरवताना होतात. पाण्यात पडलात तर पाणी झेलतं. किनाऱ्यावर झाडं, होड्या, भिंती, विजेच्या तारा असतात. काइटच्या दोऱ्या २० ते २४ मीटर लांब असतात, म्हणून वारा ज्या दिशेला जातो त्या बाजूला किमान ५० मीटर जागा मोकळी हवी. काइट डोक्यावर सरळ उभा ठेवून मित्रांशी बोलत थांबू नका. एक झोत आला तर तो तुम्हाला उचलतो. ताणलेली दोरी बोटाला गुंडाळू नका. नायलॉन मांजा काय करतो हे नागपूरकरांना वेगळं सांगायला नको.

वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असेल, तर त्या दिवशी पाण्यात जायचं नाही. पाणी शांत दिसतं, म्हणूनच माणूस फसतो. काही बिघडलं तर तो वारा तुम्हाला आत, आणखी आत नेतो.

साधनं सुधारली, तरीही

फ्रान्सच्या ब्रुनो आणि डोमिनिक लेगेन्यू या भावांनी फुगवायच्या काइटचं पेटंट १९८४ मध्ये नोंदवलं. सुरुवातीच्या काइटचा जोर पूर्ण उतरवता येत नसे, म्हणून त्या काळात शिकलेली माणसं आजही पाण्यात उतरण्याआधी अर्धा तास नुसता वारा बघत बसतात. आजच्या काइटला तीन टप्प्यांची सोय आहे : बार सोडणं, मग क्विक रिलीज (बार हार्नेसपासून झटक्यात सोडवणारी कळ) ढकलणं, आणि अगदीच जिवावर आलं तर लीशही (काइटला अंगाशी जोडून ठेवणारी शेवटची दोरी) सोडून काइट वाऱ्यावर सोडून देणं. काइट महाग असतो, म्हणून नवखा माणूस तिसऱ्या टप्प्याला कचरतो. आमच्या भाड्याच्या काइटबद्दल तरी तो विचार करू नका. जीव वाचवायला सोडलेल्या काइटची भरपाई आम्ही मागत नाही.

आपली खरी अडचण

समुद्र आपल्यापासून लांब आहे. रामेश्वरमला पोहोचायला दीड दिवस जातो, रजा चार दिवसांची मिळते, पैसे भरलेले असतात. मग वारा जास्त असला तरी "एवढ्या लांब आलोय" म्हणून माणूस उतरतो. मीही उतरलो होतो. प्रशिक्षकानं थांब म्हटल्यावर अजून एक फेरी मारली आणि खांदा निखळून परत आलो. तीन महिने हात वर जात नव्हता. तेव्हापासून दुकानाचा नियम असा : वाऱ्यामुळे वाया गेलेल्या दिवसाचं सामानाचं भाडं घेत नाही. रजेत दोन दिवस जास्तीचे धरून निघा.

प्रशिक्षण न घेतलेल्याला आम्ही मोठा काइट विकत नाही, कितीही आग्रह केला तरी. स्वतः पाण्यात उतरण्याइतकं शिकायला साधारण ८ ते १२ तास लागतात. त्यात बोर्डाविना पाण्यातून ओढलं जाणं आणि काइट गुंडाळून त्याच्याच आधारानं किनाऱ्याला येणंही शिकवून घ्या. हा शेवटचा धडा घाईत गाळला जातो.

निघण्याआधी

दुकानात छताच्या हुकाला हार्नेस टांगलेला आहे. त्यात लटकून, डोळे मिटून, दोन्ही हातांनी आळीपाळीनं क्विक रिलीज सोडायचा सराव करायचा. दहापैकी दहा वेळा जमलं की मगच हेल्मेट आणि इम्पॅक्ट व्हेस्टचं (मार झेलणाऱ्या जाड जाकिटाचं) माप घेतो. छोट्या काइटचा सराव रविवारी सकाळी शहराबाहेर, तारा नसलेल्या मैदानावर असतो. बूट घालून या, चष्मा असेल तर दोरीनं बांधून आणा. आणि पोहता येत नसेल, तर तसं आधी सांगा.